सुखदेवभाऊंची मुलूखगिरी

सुखदेवभाऊंच्या आणि आमच्या घरामध्ये एक भिंत आहे. त्यांच्या फाटकातून निघालेला माणूस तोंडातली सुपारी फुटायच्या आत आमच्या फाटकात शिरतो. पण खुद्द सुखदेवभाऊंना आमच्याकडे यायला कधी कधी तास लागतो, कारण ते सरळ येतच नाहीत. कधी शाळेमागून येतात, कधी नाल्याच्या काठानं, कधी गावाला अर्धा वेढा घालून बाजाराच्या ओट्यांवरून. एकदा तर आमच्याच परसातल्या कडब्याच्या गंजीमागून निघाले आणि तिथं वाळवण घालत बसलेल्या माझ्या बायकोच्या, मंदाच्या, हातातली परात खाली पडली.

"अहो भाऊ, फाटक हाय ना," मंदा म्हणाली.

"फाटकातून काल आलतो वहिनी," पायजम्याला लागलेली कुसळं काढत ते म्हणाले. "एकाच रस्त्यानं रोज गेलं तं डोळे झोपते. पाय तेवढे चालते."

मी पेपरची घडी केली आणि आत चहाला सांगितलं. त्या दिवशीचा पेपर तसाच राहिला. माझे कितीतरी पेपर असे राहिले आहेत.

माझं डोणगावच्या मोठ्या रस्त्यावर कृषी केंद्र आहे, म्हणजे आता ते मुलाचं आहे. दुकान त्याच्या हातात गेलं तेव्हा मी ठरवलं होतं, आता निवांत ओट्यावर बसायचं, पेपर वाचायचा, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण शेजारी सुखदेवभाऊ असताना निवांतपणा मिळणं म्हणजे बाजाराच्या दिवशी स्टँडवर खाट टाकून झोपण्यासारखं आहे.

भाऊंनी सत्तरी गाठली आहे. उंच, काटकुळे, मान कायम थोडी पुढं काढलेली. जन्म डोणगावचा, शाळा डोणगावची, शेती डोणगावची. मेहकरच्या पलीकडे त्यांचा पाय क्वचितच पडला असेल. आणि तरी गावात कुणालाही विचारा, आपल्यात सगळ्यात जास्त फिरलेला माणूस कोण, तर लोक सांगतात सुखदेवभाऊ. फिरले कुठं? डोणगावात.

महिन्या दोन महिन्यांनी ते घरातली खाट हलवतात. उत्तरेकडे डोकं करून झोपू नये असं आपल्याकडे म्हणतात, तर यांनी मुद्दाम तसं झोपून बघितलं. मी विचारलं, मग काय झालं? म्हणाले, "काही होत नाही. छपराचं एक भोक दिसाले लागलं, ते आधी दिसत नव्हतं." एका पावसाळ्यात त्यांनी शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, कुठलासा पाला आणून मंदाला दिला. "नवीन हाय वहिनी. अजून कोणीच खाल्ला नाही." कोणीच का खाल्ला नाही, ते आम्हाला पुढं दोन दिवस कळत होतं. माझ्या मुलानं एकदा त्यांना मोबाईलवर काश्मीर दाखवलं. बर्फ, शिकारे, सगळं. भाऊंनी शांतपणे शेवटपर्यंत पाहिलं आणि फोन परत दिला. "हे त्यानं पाह्यलं," ते म्हणाले. "मी काय पाह्यलं?"

तुम्ही म्हणाल, एवढी हौस आहे तर माणसानं सरळ बाहेर पडावं. हेच मीही म्हणत होतो. पण भाऊंच्या पायात चंद्री आहे. चंद्री म्हणजे त्यांची म्हैस.

ती देवकावहिनींच्या हाताची. देवकावहिनी म्हणजे भाऊंची बायको. या दोघांना मूलबाळ झालं नाही, आणि चंद्रीला वहिनींनी पारडी असल्यापासून हातावर वाढवलेलं. त्यामुळे ती दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नसे. काही वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. गल्लीतल्या बायांनी एकेक करून धार काढायचा प्रयत्न केला. मंदानंही केला आणि लाथ खाऊन आली. बादली एकीकडे, मंदा दुसरीकडे. तेव्हापासून चंद्री आणि मंदा एकमेकींकडे बघत नाहीत. शेवटी कुणा जाणत्या म्हातारीनं भाऊंना सांगितलं, बाप्पा, बायकोचं पातळ नेसून बस. भाऊ नेसले आणि बसले. चंद्रीनं हुंगलं, सुस्कारा टाकला आणि पान्हा सोडला.

तेव्हापासून रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी सुखदेवभाऊ गोठ्यात वांगी रंगाचं पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन धार काढतात आणि काहीबाही पुटपुटत असतात. सुरुवातीला गल्ली हसली. पण हसणाऱ्यांच्याच घरी चंद्रीचं दूध जायचं, त्यामुळे हसू फार दिवस टिकलं नाही. मुद्दा एवढाच की हा माणूस सकाळच्या धारेनंतर तेवढंच लांब जाऊ शकतो, जिथून संध्याकाळच्या धारेआधी परत येता येईल.

"विकून टाका ना भाऊ तिले," मी कितीदा तरी म्हणालो.

"इकतो. पण घेणाराच्या घरी पातळ कोण नेसीन?"

बरं, डोणगावात फिरतात तर फिरोत. पण फिरताना त्यांना सोबत लागते, आणि सोबतीला मीच लागतो. एक दिवस ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "वसंतराव, तुमी तुमचं घर मागून पाह्यलं का कधी?"

मी म्हणालो, मागून कशाला पाहू, मी आत राहतो. पण ते ऐकेनात. पलीकडच्या गल्लीत एकाच्या स्लॅबवर घेऊन गेले. शिडी हलत होती, मी देवाचं नाव घेत चढलो. वर गेलो आणि पाहिलं. मागची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आलेली. टाकीतून पाणी पाझरून हिरवं शेवाळ थेट पायापर्यंत उतरलेलं. ज्या घरात मी इतकी वर्षं सुखानं झोपत होतो, ते मागच्या बाजूनं केव्हाच थकलं होतं. घरी येऊन मी गप्प बसणार होतो, पण भाऊंनी मंदाला सगळं सांगितलं. तो अख्खा उन्हाळा घरात गवंडी. वाळूत पाय, सिमेंटमध्ये ताट. भाऊ रोज वेगळ्या रस्त्यानं येऊन प्लास्टर बघून जायचे आणि म्हणायचे, "पाह्यल्यानं फायदाच झाला ना." मी दात ओठ खाऊन हो म्हणायचो.

पण सगळ्यात मोठी कटकट स्टँडवरची. लांबच्या गाड्या आमच्याकडे चहाला थांबतात. नवा मोठा रस्ता झाल्यापासून थोड्या कमी झाल्या, पण थांबतात. गाडी थांबली आणि लोक चहाला उतरले की सुखदेवभाऊ आत चढतात. खिडकीची जागा धरून बसतात आणि जो कुणी आत राहिला असेल त्याला पकडतात. कुठलं गाव, कोणाचे पाहुणे, सोयाबीनचा काय भाव, असलं काही विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न ठरलेला आहे. "तुमच्या गावात सकाळी सगळ्यात आधी आवाज कशाचा येते?"

माणूस आधी चमकतो. मग विचार करतो. कुणी म्हणतो पिठाच्या गिरणीचा, कुणी म्हणतो अजानचा, कुणी म्हणतो रेल्वेचा. भाऊ डोळे मिटून ऐकतात, जणू तो आवाज आत्ता येतो आहे. मग म्हणतात, "हां. पोचलो." आणि घंटी वाजायच्या आत खाली उतरतात. जुने कंडक्टर त्यांना ओळखतात. त्यांना खाली उतरवल्याशिवाय घंटी मारत नाहीत.

एकदा कंडक्टर नवा होता. परभणीकडची कुणी बाई भाऊंना सांगत होती की तिच्या दारासमोर पहाटे झेंडूच्या पोत्यांचा टेम्पो रिकामा होतो आणि पोती पडल्याचा धप्प धप्प आवाज येतो. घंटी वाजली ती भाऊंना ऐकू आली नाही, कारण ते त्या वेळी परभणीत होते. डोळे उघडले तेव्हा गाडी मेहकरच्या वाटेवर.

इकडे संध्याकाळ झाली. चंद्रीनं हंबरून गल्ली डोक्यावर घेतली. मंदाचा धीर सुटला, "जा ना वो, पाहा ना कुठं गेले ते." मी स्कूटर काढली. डोळ्यांसमोर नाही नाही ते येत होतं. मेहकरच्या अलीकडे बकऱ्यांचा एक टेम्पो समोरून आला आणि त्यात, बकऱ्यांच्या मधोमध, मान पुढं काढून सुखदेवभाऊ उभे. मी थांबवलं, त्यांना खाली घेतलं, मागं बसवलं. मला वाटलं, माणूस घाबरला असेल, दोन शब्द धीराचे बोलावेत. तेवढ्यात मागून आवाज आला, "वसंतराव, जरा हळू घ्या. हा रस्ता मी संध्याकाळचा कधी पाह्यला नव्हता."

मी हळू घेतली नाही.

माझ्या जावयालाही त्यांनी सोडलं नाही. जावई नाशिकला असतात, कॉम्प्युटरवरचं काम आहे, पहिल्या दिवाळीला आले होते. मंदानं पुरणाचा घाट घातलेला, जावईबापू नव्या पाटावर बसलेले, आणि भाऊ दारात. "जावईबापू, तुमच्याकडे सकाळी पहिला आवाज कशाचा येते?"

"अलार्मचा," जावई म्हणाले.

भाऊंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तो तुमचा आवाज झाला. गावाचा?"

जावई छताकडे बघायला लागले. पुरणपोळी गार. मुलगी माझ्यावरच चिडली, म्हणाली, तुमचा हा शेजारी काय परीक्षा घ्यायला बसवला आहे का. मी कपाळावर हात मारला. पण खरी कमाल पुढं झाली. नंतर काही आठवड्यांनी जावयांचा स्वतःहून फोन आला. एरवी ते मला स्वतःहून फोन करत नाहीत. "पप्पा, भाऊकाकांना सांगा. दुधाच्या क्रेटचा. रिकामे क्रेट एकावर एक आपटतात खाली." आवाजात असा आनंद की मला वाटलं बढती मिळाली. मी नाइलाजानं निरोप पोचवला. भाऊंनी मान डोलावली. "हां," ते म्हणाले, "आता राहाले लागला तो नाशिकात."

आता यात एक गोष्ट होती जी बराच काळ माझ्या लक्षात आली नव्हती. यवतमाळ किंवा चंद्रपूरकडची गाडी असली की भाऊ आणखी एक प्रश्न विचारायचे. "पैनगंगा वर्धेले भेटते ती जागा पाह्यली का तुमी?" कुणीच पाहिलेली नसायची. त्या बाजूचे लोकही म्हणायचे, असेल कुठं तरी. एक दिवस मी वैतागून विचारलं, भाऊ, आख्खी दुनिया सोडून तुम्हाला तीच एक जागा काऊन पाह्यजे?

तेव्हा त्यांनी सांगितलं. वहिनींचं माहेर पैनगंगेच्या काठचं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी भाऊ सासुरवाडीला गेले होते, दोघं नदीवर उभे होते, आणि वहिनींनी विचारलं, हे पाणी जाते कुठं? भाऊ म्हणाले, समुद्रात. वहिनी म्हणाल्या, एकदम कसं जाईन? मंधात कोणाले तरी भेटत असन ना. भाऊंना माहीत नव्हतं. त्यांनी मास्तरांना विचारलं, मास्तरांनी नकाशा पाहून सांगितलं, लांब तिकडे चंद्रपूरच्या बाजूला वर्धा नदीला भेटते. वहिनी म्हणाल्या, एकदा पाहून येऊ. आणि मग गोठ्यात कधी ही म्हैस, कधी ती म्हैस, सगळ्या वहिनींच्याच हाताच्या. वहिनींना माहेरी राहायला जायचं म्हटलं तरी पंचाईत व्हायची.

"मंग तुमी एकटे जाऊन यायचं," मी म्हणालो.

"एकटा जाऊन काय करू? इचारलं तं तिनं होतं."

वहिनींच्या अस्थी आम्ही मेहकरला पैनगंगेतच सोडल्या होत्या. मी होतो तिथं. विधी आटोपल्यावर सगळे कपडे झटकत निघाले आणि भाऊ पाण्यात उभेच. गुरुजींना विचारू लागले, "महाराज, हे कवा पोचन?" गुरुजी म्हणाले, अहो, त्या पोचल्या. भाऊ म्हणाले, "तुमी पाह्यलं का?" गुरुजी माझ्याकडे बघायला लागले. मी भाऊंना दंडाला धरून काठावर आणलं. मला त्या वेळीही त्यांचा रागच आला होता. माणसानं निदान अशा वेळी तरी चौकशा करू नयेत, असं वाटलं होतं.

तर गेल्या थंडीत चंद्री आटली. गाभण होती, व्यायला अजून अवकाश होता, धार बंद. म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदा भाऊ मोकळे. आधीही चंद्री भाकड राहिली असेलच, पण तेव्हा दरवेळी काही ना काही निघालं होतं. एकदा म्हशीलाच ताप, एकदा भाऊंनाच. या वेळी मी ठरवलं, याला पाठवायचंच. माझा हेतू फार थोर नव्हता. निदान दोन तीन दिवस मला पेपर पूर्ण वाचता येईल एवढाच विचार होता. वणीला माझा मावसभाऊ असतो, त्याला फोन केला. त्यानं चौकशी करून सांगितलं, संगम आहे, रस्ता आहे, तो स्वतः गाडीवर घेऊन जाईल.

भाऊ दोन दिवस आमच्याकडे फिरकलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी फाटकातून सरळ आले. मला तेव्हाच धसका बसला.

"जातो," ते म्हणाले. "पण चंद्रीले कोण पाहीन?"

"मी पाहतो ना. गव्हाणीत कुटार टाकायचं, ढेप भिजवायची, पाणी दाखवायचं. त्याले काय लागते?"

भाऊ घरी गेले आणि धुऊन घडी घातलेलं ते वांगी पातळ घेऊन आले.

"हे काय?"

"नेसा लागते."

"पण धार तं काढायची नाही ना."

"पातळ दिसल्याशिवाय गव्हाणीले तोंड लावत नाही ती. मंदावहिनीशी तिचं जमत नाही. तुमची उंची देवकाएवढी हाय."

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात ते हेच. मी नाही म्हणणार होतो. पण भाऊंची पिशवी भरलेली होती. कडक इस्त्रीचा पायजमा घातला होता. त्या वयात माणूस असा तयार होऊन दारात उभा असला की नाही म्हणवत नाही.

"आन बोला लागते तिच्याशी," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"पाह्यलेलं सांगायचं. जे काही पाह्यलं दिवसभरात." मग म्हणाले, "देवका धार काढे तवा मी बाजूले बसून राहो. तिले गोठा सोडून जाता येत नव्हतं. ती इचारे, आज काय पाह्यलं? मी सांगो. चंद्री लहानपणापासून तेच ऐकत आली. तिले वाटते, तेवढं झाल्याशिवाय दिवस होत नाही."

"म्हणजे हे तुमचं गावभर भटकणं," मी म्हणालो, "म्हशीले सांगाले?"

"आधी देवकाले सांगाले होतं," भाऊ म्हणाले. "रोज सांगा लागे. रोज त्याच रस्त्यानं गेलो असतो तं काय सांगतलं असतं?"

ते गेले. ते खिडकीत बसले आणि या वेळी घंटी वाजूनही उतरले नाहीत, हे मी स्टँडवर उभं राहून पाहिलं. गाडी वळणाआड गेल्यावर मला उगाचच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

संध्याकाळी मंदानं मला पातळ नेसवलं. ती निऱ्या घालत होती आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पायजम्यावरून पातळ, वर स्वेटर, डोक्यावर पदर, असा मी गोठ्यात शिरलो. चंद्रीनं पाहिलं. मी कुटार टाकलं. तिनं तोंड लावलं नाही. मी बोलायला लागलो. विजेचं बिल जास्त आलं ते सांगितलं. मुलानं दुकानात नवा फलक लावला ते सांगितलं. गुडघ्याचं सांगितलं. चंद्रीनं तोंड फिरवलं.

वणीहून मावसभावाच्या मोबाईलवरून भाऊंचा फोन आला. "खाल्लं का तिनं?"

"नाही खाल्लं. सगळं सांगतलं मी."

मी काय काय सांगितलं ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाले, "ते पाह्यलेलं नाही वसंतराव. ते तं तुमच्या डोक्यातलं हाय. पाह्यलेलं सांगा."

मी फोन ठेवला आणि संतापानं बसून राहिलो. मग आठवून पाहिलं, आज दिवसभरात मी काय पाहिलं? ओटा पाहिला. पेपर पाहिला. स्टँडवर गेलो ती गाडी पाहिली. त्याखेरीज एकही गोष्ट आठवेना. गावात राहणारा, धडधाकट डोळे असलेला माणूस मी, आणि एका म्हशीला सांगण्याजोगं माझ्याकडे काही नव्हतं. सकाळीही तेच झालं. चंद्री उपाशी, पोटात पारडू, आणि तिचा मालक तिकडे नदीच्या वाटेवर. तिला काही झालं असतं तर मी त्यांना तोंड कसं दाखवलं असतं?

त्या दिवशी मी पेपर उघडला नाही. चपला घातल्या आणि निघालो. दुकानाच्या रस्त्यानं निघालो होतो, तो सोडला आणि शाळेमागून वळलो. कुणी विचारलं, वसंतराव इकडं कुठं, तर काय सांगणार, म्हशीसाठी बातमी शोधतो आहे? काम आहे म्हणालो. बराच वेळ काहीच दिसेना. नुसत्या भिंती, नाली, कुत्री. मग स्टँडवरच्या कडुनिंबाखाली दम खायला टेकलो. त्या झाडाखाली मी लहानपणापासून बसत आलो आहे. वर पाहिलं तर खोडात एक लोखंडी पाटी रुतलेली. कधी काळी कुणी गावाच्या नावाची पाटी खिळ्यांनी झाडाला ठोकली असावी. झाड वाढत गेलं आणि सालीनं दोन्ही बाजूंनी पाटी गिळत आणली. आता फक्त मधलं एक अक्षर बाहेर होतं. बाकीचं डोणगाव झाडाच्या पोटात. मी उठून त्या सालीवरून बोट फिरवलं. चहावाला म्हणाला, काय झालं? मी म्हणालो, हे पाह्यलं होतं का रे तू? तो म्हणाला, नाही. आणि मला इतका आनंद झाला की माझा मलाच राग आला.

संध्याकाळी मी पातळ नेसलो. या वेळी मंदाला हसूही कमी आलं. गोठ्यात गेलो, कुटार टाकलं आणि चंद्रीला झाडाची हकिकत सांगितली. घाई न करता सांगितली, साल कशी होती, अक्षर कोणतं होतं, सगळं. चंद्रीनं कान हलवले. मान खाली घातली आणि खायला लागली. मंदा गोठ्याच्या दारातून म्हणाली, भूक लागली असन तिले. असेलही.

तेवढ्यात फोन वाजला. सुखदेवभाऊ होते. मागं वाऱ्याचा आवाज येत होता.

"पोचलो," ते म्हणाले.

"भाऊ, खाऊन राह्यली बरं ती," मी म्हणालो. "काळजी करू नका. कशी हाय जागा?"

ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, फोन कटला. गावातल्या भिंतींबद्दल तासतासभर बोलणारा माणूस, आणि आयुष्यभर जी जागा पाहायची होती तिथं उभा राहून गप्प.

"वसंतराव," थोड्या वेळानं ते म्हणाले, "फोन जरा तिच्या कानापाशी धरता का?"

एरवी मी काही तरी बोललो असतो. आता फोनचा आवाज मोठा केला आणि चंद्रीच्या कानाशी धरला. ती चघळायची थांबली.

"देवका," फोनमधून आवाज आला.

मी गव्हाणीजवळ तसाच उभा राहिलो.

"देवका, भेटते वो ते पाणी. वर्धेले भेटते. आपलं पाणी गढूळ हाय, तिचं जरा निळं हाय. भेटल्यावरबी थोडं दूर आपलं आपलं चालते दोन्ही. मंग समजत नाही कोणतं कोणाचं. काठावर बाभळी हायत. एक बाई भांडे घासून राह्यली. तिले इचारलं मी, इथं सकाळी पहिला आवाज कशाचा येते. ती म्हणे, पाण्याचाच. तू तं कवाचीच पोचली असशीन इथं. मले उशीर झाला. चंद्री होती ना."

माझे डोळे भरून आले. पुसायला पदर होताच. त्यानं ते पुसले आणि हात भरून आला म्हणून फोन दुसऱ्या हातात घेऊन चंद्रीच्या कानाशी धरून ठेवला, कारण भाऊंचं सांगणं अजून संपलं नव्हतं.